पांडेलीची खानावळ

इस्तंबूलच्या मसाल्याच्या बाजाराचं तुर्की नाव मिसिर चार्शिसी. मिसिर म्हणजे मिसर, इजिप्त. एमिनोन्यूच्या चौकातून या बाजारात शिरताना दरवाजाच्या कमानीतच एक अरुंद जिना वर जातो. सुमाक, सुकवलेली वांगी, बदाम-अंजिरांचे ढीग आणि गिऱ्हाइकांना हाका मारणारी पोरं यांच्यातून वाट काढत पुढे जाणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. जिना चढला की खालचा गलबला ओसरतो आणि भिंतभर निळ्या-फिरोजी फरशा लागतात. ही पांडेलीची खानावळ. एका खोलीच्या खिडकीतून गलाता पूल दिसतो, दुसरीतून बाजाराचा आतला भाग.

मी तिथे गेले ती एका शब्दाने अडवलं होतं म्हणून. एका तुर्की मजकुराचा मराठी अनुवाद करत होते. त्यात 'रूम' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता: रूम शेजारी, रूम शिंपी, रूम शाळा. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'ग्रीक' लिहून मोकळी झाले. इंग्रजीत बहुतेक जण तेच करतात, हाताशी असलेले कोशही तेच सांगतात. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आलं की त्याच मजकुरात 'यूनान' हा शब्दही आहे आणि तोही मी 'ग्रीक'च केला आहे. मूळ लेखकाने दोन शब्द वापरले, मी त्यांचा एक केला. हे नुसतं आळसाचं काम नव्हतं. त्या दोन शब्दांमधल्या फटीतून हजारो माणसं देशाबाहेर गेली आहेत. पांडेली हे रूम होते. त्यांच्या खानावळीत जेवल्याने कोशातली अडचण सुटणार नव्हती हे मलाही कळत होतं, पण त्या गावात होते आणि दुपारची वेळ होती.

आधी त्या जेवणातल्या शब्दांबद्दल. भारतीय माणूस तुर्की खानावळीत बसला की त्याला मेनूकार्ड वाचताना आपण परदेशात आहोत याचा विसर पडतो. पिलाव, कोफ्ते, कबाब, चोर्बा, हेल्वा, शेर्बेत. 'कियमा' म्हणजे आपला खिमा, 'कावुर्मा' म्हणजे कोर्मा, 'याहनी' ही काश्मीरची यखनी. 'दोल्मा' म्हणजे काहीतरी सारण भरलेलं. कोलकात्याच्या स्वयंपाकघरात पडवळाच्या जातीच्या पटोलचा 'दोरमा' होतो आणि त्याचं श्रेय तिथे आर्मेनियन व्यापाऱ्यांना देतात. जेवणाआधी येणाऱ्या चटकमटक बशा म्हणजे 'मेझे'. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ चव. तोच शब्द आपल्याकडे 'मजा' होऊन आला. मराठीत त्याचा जिभेशी संबंध सुटला आणि तो सहलीला, सिनेमाला, दुसऱ्याच्या फजितीलाही लागू झाला. बिल मागायचं तर 'हेसाप', आपला हिशेब. वर ठेवायचं ते 'बाहशिश', आपलं बक्षीस. वेटरला मात्र 'गारसोन' म्हणतात, तो फ्रेंच. आणि हे सगळं जिथे घडतं त्या जागेला तुर्कीत सर्वसाधारणपणे 'लोकांता' म्हणतात, हा शब्द इटालियन: लोकांदा, म्हणजे मुसाफिरांची उतरण्याची जागा.

खानावळीलाच परका शब्द का लागावा? तुर्की ही काही दरिद्री भाषा नाही आणि इस्तंबूलमध्ये बाहेरचं खाणं काही एकोणिसाव्या शतकात सुरू झालं नाही. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबीने आपल्या प्रवासवर्णनात इस्तंबूलच्या कसबी लोकांच्या मिरवणुकीचं वर्णन केलं आहे. त्यात स्वयंपाकी, कबाबवाले, मुंड्या-पाये शिजवणारे, सरबतवाले असे सगळे आपापली दुकानं चाकांवर घालून सुलतानासमोरून जातात. पण ही दुकानं होती. पोटाची आग असलेल्याने जावं, खावं, निघावं. कारागीर, हमाल, खलाशी, गावाकडून आलेले एकटे पुरुष तिथे जेवत. घरचा माणूस घरी जेवत असे आणि मोठ्या घरचा माणूस बाहेर जेवणं हे कमीपणाचं मानलं जाई. आपल्याकडेही गेल्या शतकापर्यंत याहून फार वेगळं नव्हतं.

दुसरी जागा इमारेत. मोठ्या मशिदींना जोडलेलं हे अन्नछत्र. फातिहचं, सुलेमानियेचं. चोर्बा, भात, पाव, आणि सणासुदीला 'झेर्दे', म्हणजे केशरी गोड भात. उत्तर भारतातला जर्दा तो हाच. इमारेतमध्ये कुणी पैसे देत नसे आणि पदार्थ निवडतही नसे. कुणी कधी जेवायचं, कुणाला मांस वाढायचं आणि कुणाला नुसती चोर्बा, याचे नियम वक्फाच्या कागदात लिहिलेले असत.

तिसरी मेयहाने, मैखाना. दारू आणि तिच्यासोबतचे मेझे. मुसलमानाला दारूचा धंदा करायला मनाई, त्यामुळे मेयहाने चालवायचे ते रूम, आर्मेनियन, यहुदी. प्यायला मात्र सगळेच जायचे. टेबलाभोवती चार तास बसणं, गप्पा मारणं, एकेक बशी मागवणं ही आज जगभर 'तुर्की' म्हणून ओळखली जाणारी जेवणाची रीत या मेयहान्यांत घडली. शहराच्या बहुसंख्याकांना ज्या धंद्याची बंदी होती त्या धंद्यात शहराची मेजवानी तयार झाली, आणि ती वाढणारे हात कुणाचे होते हे मेनूत कुठेच लिहिलेलं नसतं.

एकोणिसाव्या शतकात क्रिमियन युद्धाच्या सुमारास पेरामध्ये, म्हणजे आजच्या बेयोलूत, युरोपीय माणसांची रीघ लागली आणि खुर्ची-टेबल, पांढरा कपडा, छापील कार्ड अशा जागा निघाल्या. त्यांना 'लोकांता' हे नाव चिकटलं. पुढे शब्द असा उतरत गेला की आज 'एस्नाफ लोकांतासी' म्हणजे दुकानदारांची साधी दुपारची खानावळ. काचेमागे गरम पाण्यावर भांडी ठेवलेली, गिऱ्हाईक बोट दाखवतं, वाढपी वाढतो. उंची जागेला 'रेस्तोरान' म्हणायचं. मराठीत 'हॉटेल' या शब्दाचं उलट झालं. राहायची जागा ती, पण आपण तिथे चहा प्यायला जातो.

पांडेलीची सुरुवात याच साध्या टोकाकडून झाली. पांडेली चोबानोलू मूळचे अनातोलियाच्या मध्यभागातल्या निइदेचे. चोबानोलू म्हणजे धनगराचा मुलगा. तरुणपणी इस्तंबूलला आले, एमिनोन्यूच्या बाजारपेठेत पियाझ आणि कोफ्ते विकू लागले. पियाझ म्हणजे कांदा घातलेली पांढऱ्या घेवड्याची कोशिंबीर. शब्द ओळखीचा आहेच. खानावळीचं स्थापना-वर्ष १९०१ सांगितलं जातं. हमाल आणि दुकानदार यांच्यासाठी सुरू झालेली ही जागा हळूहळू वकील, पत्रकार, मंत्री यांच्या दुपारच्या जेवणाची झाली. अतातुर्क इथे जेवून गेले, हे खानावळीतही अभिमानाने सांगतात.

निइदे हे गाव कोणत्या भागात येतं याकडे आधी माझं लक्ष गेलं नव्हतं. निइदे, नेवशेहिर, कायसेरी या पट्ट्यात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची मातृभाषा ग्रीक नव्हे तर तुर्की होती. त्यांना 'कारामान्ली' म्हणतात. ते तुर्की बोलत, तुर्कीत प्रार्थना ऐकत, आणि लिहिताना तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. या लिपीत छापलेली शेकडो पुस्तकं आहेत. गोव्यात कोकणी रोमी लिपीत लिहिणाऱ्यांना किंवा मलयाळम अरबी लिपीत लिहिणाऱ्या मापिळांना यात काही नवल वाटणार नाही. राष्ट्र-राज्याला मात्र अशी माणसं सोसत नाहीत.

१९२३च्या जानेवारीत लोझानमध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. निकष भाषा नव्हता, धर्म होता. तुर्की हीच मातृभाषा असलेले कारामान्ली अशा रीतीने 'मायदेशी' पाठवले गेले. त्या मायदेशाची भाषा त्यांच्यातल्या अनेकांना येत नव्हती. इकडे क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. सुमारे बारा लाख माणसं एका दिशेला आणि चार लाख दुसऱ्या दिशेला. चोवीस वर्षांनी आपल्याकडे फाळणी होताना याच अदलाबदलीचा दाखला काही जणांनी दिला होता.

करारात एक अपवाद होता. ३० ऑक्टोबर १९१८ पूर्वी इस्तंबूलमध्ये स्थायिक झालेले रूम आणि पश्चिम थ्रेसमधले मुसलमान यांना हलवायचं नाही. निइदेचा धनगराचा मुलगा पोटासाठी वेळेत इस्तंबूलला आला होता म्हणून राहिला. गावीच राहिला असता तर त्याची खानावळ, निघाली असती तर, अथेन्सच्या किंवा सलोनिकाच्या एखाद्या निर्वासित वस्तीत निघाली असती.

प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षांत इस्तंबूलच्या खाण्यापिण्यावर आणखी एका परागंदा समाजाची छाप पडली. १९२०च्या नोव्हेंबरात सेनापती व्रांगेलच्या पराभूत फौजेसोबत क्रिमियातून दीड लाखाच्या आसपास रशियन माणसं बोटींनी इथे येऊन थडकली. त्यांच्यातल्या काहींनी खाद्यगृहं काढली. सरदार घराण्यातल्या बायका वेट्रेस झाल्या आणि शहरातल्या पुरुषांनी पहिल्यांदाच बाईच्या हातून टेबलावर वाढून घेतलं. बेयोलूतलं रेजांस त्यांचंच. नवी राजधानी अंकारात सरकारी मेजवान्या कार्पिच नावाच्या ज्या जागी झडत तीही एका रशियन निर्वासिताचीच. नव्या राष्ट्राने सुरी-काटा कसा धरायचा हे ज्यांच्याकडून शिकून घेतलं त्यांना स्वतःचं राष्ट्र उरलेलं नव्हतं.

मात्र त्याच वर्षांत भिंतींवर पाट्या लागल्या: नागरिका, तुर्की बोल. ही मोहीम १९२८ची. त्याच वर्षी लिपी बदलली, अरबी अक्षरं गेली, लॅटिन आली. १९३४ला आडनावाचा कायदा झाला. यान, पुलोस, विच असे परके प्रत्यय नव्या आडनावांना लावता येणार नाहीत असं ठरलं. नोव्हेंबर १९४२मध्ये संपत्तीकर बसवला गेला. कागदावर तो युद्धकाळातल्या नफेखोरीवर होता, प्रत्यक्षात बिगर-मुसलमानांवरची आकारणी कित्येक पटींनी जास्त होती आणि दाद मागायची सोय नव्हती. पंधरवड्याच्या मुदतीत भरता आला नाही त्यांच्या दुकानातला माल, घरातली भांडीकुंडी लिलावात निघाली. त्यानंतरही बाकी राहिलेल्यांना पूर्वेकडे एर्झुरूमजवळच्या आश्काले इथे रस्त्यावरचं बर्फ उपसायला पाठवलं. तिथे एकवीस माणसं मेली. १९४४च्या मार्चमध्ये कर रद्द झाला. लिलावात गेलेलं परत आलं नाही.

आणि मग ६ सप्टेंबर १९५५.

सायप्रसचा वाद पेटलेला होता. दुपारी रेडिओवर बातमी आली की सलोनिकामध्ये अतातुर्क ज्या घरात जन्मले त्या घरावर, तुर्की वकिलातीच्या आवारात, बॉम्ब फुटला आहे. प्रत्यक्षात काचा फुटल्या होत्या, आणि बॉम्ब ठेवण्याच्या आरोपाखाली पुढे ज्यांना पकडलं त्यांत वकिलातीचाच पहारेकरी होता. 'इस्तंबूल एक्सप्रेस' या सायंदैनिकाने जादा आवृत्ती काढली. संध्याकाळी ताक्सिमच्या चौकात सभा झाली आणि तिथून जमाव इस्तिकलाल रस्त्यावर उतरला. ट्रक भरभरून माणसं आणली गेली होती, कुदळी-फावडी-पहारी वाटल्या गेल्या होत्या. कुठली दुकानं कुणाची याच्या याद्याही होत्या. त्या रात्रीची छायाचित्रं आहेत. रस्त्यावर कापडाचे तागे उलगडून पसरलेले, त्यांच्यावर शीतकपाटं, झुंबरं, शिवणयंत्रं, बुटांचे खोके. माणसं त्यावरून चालताहेत. दुसऱ्या दिवशीच्या चित्रांत रस्त्यावर पाय ठेवायला दगड दिसत नाही, सगळं कापडच. न्यायालयीन नोंदीप्रमाणे चार हजारांहून अधिक घरं, हजाराच्या आसपास दुकानं, ७३ चर्च आणि २६ शाळा यांवर हल्ले झाले. मेलेल्यांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास लष्करी कायदा लागू झाला, तोवर पोलीस बहुतेक ठिकाणी उभे राहून पाहत होते.

ही छायाचित्रं आपल्यापर्यंत आली त्याचीही एक कथा आहे. चौकशी करणाऱ्या लष्करी न्यायालयातले न्यायाधीश फाहरी चोकेर यांनी ती जपून ठेवली आणि आपल्या मृत्यूनंतर उघड करावीत या अटीवर एका इतिहास-संस्थेकडे सोपवली. २००५मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांचं प्रदर्शन बेयोलूत भरलं, तेव्हा काही लोकांनी आत घुसून चित्रं खाली ओढली आणि खिडकीतून रस्त्यावर फेकली. मी पहिल्यांदा ही हकिकत वाचली तेव्हा रस्ता तोच आहे या गोष्टीवर बराच वेळ थांबले होते.

त्या रात्री पांडेलींची एमिनोन्यूमधली खानावळही फोडली गेली. पन्नासहून अधिक वर्षं त्या पेठेला जेवू घालणारा माणूस. जमावातल्या एखाद्याने तरी त्यांच्याकडे कोफ्ते खाल्ले नसतील असं मानणं कठीण आहे. पांडेलींनी धंदा बंद करायचं ठरवलं. तेव्हा इस्तंबूलचे राज्यपाल-महापौर फाहरेत्तिन केरीम गोकाय यांनी त्यांना मसाल्याच्या बाजाराच्या दरवाजावरची जागा देऊ केली. हे पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांच्या सांगण्यावरून झालं असंही म्हणतात. पांडेली थांबले. जिन्यावरच्या त्या निळ्या खोल्यांत खानावळ नव्याने सुरू झाली आणि पुढची साठ वर्षं जगभरचे राजे, राजदूत, नट-नट्या तिथे जेवून गेले.

ही गोष्ट इस्तंबूलमध्ये सांगितली जाते ती बहुतेक वेळा गोड शेवटाची म्हणून. मला ती तशी वाचता येत नाही. ६ सप्टेंबरच्या रात्री शहराचे राज्यपाल गोकायच होते. मेंदेरेस पंतप्रधान होते. १९६०च्या लष्करी उठावानंतर यास्सीआदा बेटावर मेंदेरेस यांच्यावर जे खटले चालले त्यांत या दंगलीचाही एक होता. फाशी त्यांना दुसऱ्या आरोपांवरून झाली, सप्टेंबर १९६१मध्ये. म्हणजे ज्यांच्या राज्यात खानावळ फुटली त्यांनीच नवी जागा दिली. याला काय म्हणायचं? तुर्कीत 'इक्राम' असा एक सुंदर शब्द आहे. यजमानाने आपण होऊन पाहुण्याच्या हातात ठेवायचं ते. खानावळीत जेवणानंतर न मागता चहा येतो, त्याचे पैसे नसतात, तो इक्राम. मराठीत 'पाहुणचार' म्हणता येईल, पण इक्राममध्ये मान देण्याचाही भाग आहे. राज्याने दिलेल्या जागेला आपल्याकडे 'इनाम' म्हटलं असतं. इनाम चाकरीबद्दल मिळतं. नुकसान झालं म्हणून जे मिळतं ती भरपाई, आणि भरपाईत चुकीची कबुली असते. पांडेलींना मिळालेल्या जागेत या तिन्हींचा थोडाथोडा अंश असावा आणि कबुलीचा सर्वांत कमी. शिवाय इक्राम हा यजमानाने पाहुण्याला करायचा. एकट्या पांडेलींना जागा मिळाली. बाकीच्या हजार दुकानदारांच्या दुकानात कुठला पंतप्रधान जेवत नव्हता.

मी वांग्याचं बोरेक मागवलं होतं, वर मांसाचे पातळ काप. ही इथली जुनी ओळख. वांगं निखाऱ्यावर भाजलेलं, आपल्या भरताच्या वासाचं, पण त्यात दूध-लोणी मुरलेलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं, तीन पिढ्या. आजोबा नातवाला खिडकीतून खालचा बाजार दाखवत होते.

आता 'यूनान' या दुसऱ्या शब्दाकडे येते. इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्सांत दोन प्रकारची माणसं होती. बहुतेक जण तुर्की नागरिक. काहींकडे मात्र ग्रीसचं नागरिकत्व होतं, पिढ्यान्‌पिढ्या इस्तंबूलमध्येच राहत असूनही. १९३०च्या करारामुळे त्यांना इथे राहण्याचा, धंदा करण्याचा हक्क मिळाला होता. १९६४मध्ये सायप्रस पुन्हा पेटलं तेव्हा तुर्कस्तानने तो करार मोडला. ग्रीक नागरिक असलेल्यांना देश सोडायला सांगितलं. सोबत वीस किलो सामान आणि वीस डॉलर. अशी सुमारे बारा हजार माणसं होती. पण त्यांची लग्नं झालेली होती ती तुर्की नागरिक असलेल्या रूम माणसांशी. नवरा 'यूनान', बायको आणि मुलं 'रूम'. नवऱ्याला हाकललं की घर उठायचं. अशी आणखी तीसेक हजार माणसं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलमध्ये लाखांनी मोजले जाणारे रूम आज दोन-तीन हजार उरले आहेत.

माझ्या पहिल्या खर्ड्यात हे दोन्ही नवरा-बायको 'ग्रीक' होते. मग त्यांच्या घरावर नेमकं काय कोसळलं ते मराठी वाचकाला कळणार कसं? ग्रीक माणसं ग्रीसला गेली, एवढंच.

'रूम' म्हणजे मुळात रोमन. पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी हीच होती आणि तिथली ग्रीक बोलणारी प्रजा स्वतःला रोमनच म्हणवत असे. अरबांनी त्या मुलखाला 'रूम' म्हटलं. पुढे मुलूख तुर्कांच्या हाती आला तरी लांबून पाहणाऱ्यांनी नाव बदललं नाही. म्हणून गुजरातच्या बहादुरशहाचा तोफखाना सांभाळणारा तुर्क 'रूमी खान' झाला. विजापूरच्या बुरुजावर जी मुलुखमैदान तोफ आहे ती १५४९मध्ये अहमदनगरला ओतली, आणि ती ओतणाऱ्या उस्तादाच्या नावापुढे तोफेवरच 'रूमी' असं लिहिलं आहे. जुन्या मराठीतलं 'रूमशाम' म्हणजे तुर्कस्तान आणि सीरिया. दख्खनमध्ये 'रूमी' म्हणजे तुर्क, इस्तंबूलमध्ये 'रूम' म्हणजे जो तुर्क नाही तो. कोन्यात राहिलेल्या कवीला आपण रूमी म्हणतो तेही त्या मुलखावरूनच. तुर्कस्तानात त्याला मेवलाना म्हणतात आणि कुणी रूमी म्हटलं तर बाहेरचा पाहुणा दिसतो असं ओळखतात.

त्यामुळे मराठीत शब्द ठेवायचा तरी पंचाईत. 'रूमी' लिहावं तर कवी आडवा येतो. 'रूम' लिहावं तर आजच्या मराठी वाचकाला भाड्याची खोली दिसते. मजकुराच्या समासात संपादकांनी नेमकं तेच विचारलं होतं: 'रूम शिंपी म्हणजे खोलीवर येऊन शिवणारा का?' मी खूप हसले आणि मग हसू ओसरलं, कारण प्रश्न बरोबर होता.

पांडेली १९६७मध्ये वारले. मुलाने खानावळ पुढे चालवली. २०१६मध्ये ती बंद पडली, २०१८मध्ये नव्या चालकांनी पुन्हा उघडली. नाव, फरशा, बरेचसे पदार्थ तेच ठेवले. या शहरात रूम नावाच्या अशा जागा आता बऱ्याच आहेत. नाव दारावर असतं, त्या नावाची माणसं गावात नसतात. चालवणाऱ्यांना मी यात दोष देत नाही. नाव पुसून टाकणं त्याहून सोपं होतं आणि पुष्कळांनी तेच केलं.

जेवणानंतर मी कझानदिबी मागवलं. शब्दशः 'हंड्याचा तळ'. दुधाची खीर मुद्दाम तळाला लागू देतात आणि तो करपलेला, तांबूस पापुद्रा वर येईल अशी वळकटी करून वाढतात. म्हणजे आपली दुधाची खरवड. आमच्याकडे ती पातेल्यात चमच्याने खरवडून मुलं खात, ताटात वाढत नसत.

गारसोन वयस्क होते. मी मोडक्या तुर्कीत विचारलं की पांडेली एफेंदींचा एखादा फोटो आहे का. 'एफेंदी' हा शब्द मूळ ग्रीक, हे विचारताना ध्यानात नव्हतं, नंतर आठवलं. त्यांनी भिंतीकडे हात केला आणि कुठून आलात विचारलं. हिंदुस्तान म्हटल्यावर न मागता चहा आणून ठेवला. हिशेबात तो नव्हता.

परत आल्यावर अनुवादात सगळीकडे 'रूम' केलं, जिथे 'यूनान' होतं तिथे 'ग्रीसचा नागरिक'. शिंप्याच्या वाक्यात मात्र पहिल्यांदाच शब्द येतो, तिथे एक जादा वाक्य घातलं, जे मुळात नाही: की हा शिंपी या शहरात तुर्कांच्याही आधीपासून असलेल्या लोकांपैकी होता. संपादकांनी ते ठेवलं. मूळ लेखकाला कळवलं आहे, उत्तर अजून यायचं आहे.